खणके मुकुटाकडे का गेले

नेव्हिल ऑलसपबद्दल आमच्या स्केलवुडमध्ये कुणालाही विचारा, एकच शब्द ऐकायला मिळेल. संपफोड्या. जणू काही हा माणूस चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात जन्मला आणि त्याच महिन्यात मेला. अहो, त्याच्या आधी त्रेचाळीस वर्षं आणि नंतर एकोणीस वर्षं जगला तो! पण ऐकतंय कोण? म्हणून मीच सांगते. मलाच सांगायला हवं, कारण त्याचं जे वाटोळं झालं त्यात माझाही हात आहे. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे 'हिल्डा मीकिन स्वतःची बाजू सावरतेय' असं म्हणायला कुणाला जागा नको.

आमचं गाव खाणीचं. माझा नवरा होरेस वीस वर्षं कोळसा तोडत होता. छातीत धूळ बसली तेव्हा त्याला वर दिव्यांच्या खोलीत, कामगारांचे दिवे द्यायला-घ्यायला बसवलं. बसून काम म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात नाही नाही ते येतं. होरेसच्या डोक्यात एक खेळ आला. जुन्या लिनोलियमच्या मागच्या बाजूवर त्यानं एक अख्खा देश रंगवला. डोंगर, दलदली, गढ्या, नद्या. त्यावर बोटभर उंचीचे शिशाचे सैनिक. बाहुल्या म्हटलं की त्याला राग यायचा. त्या देशात दोन पक्ष होते, एक सम्राटाचा, त्याला म्हणायचे लोखंडी मुकुट, आणि दुसरा त्याच्याविरुद्ध उठलेल्या गढ्यांचा, डोंगरी जूट. मधे नाना जमाती, दलदलीतले लोक, गरुडांवर बसणारे लोक, आणि डोंगराच्या पोटात राहून खणत बसणारे बुटके. त्यांचं नाव खणके.

दर रविवारी दुपारी खाणकामगारांच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत आठ-दहा दांडगे बाप्ये जमायचे आणि त्या शिशाच्या सैनिकांवरून कडाकडा भांडायचे. मी चहा द्यायचे आणि मनात म्हणायचे, देवा, यांना बायका मिळाल्या तरी कशा!

होरेसच्या खेळात एक नियम सगळ्यांपेक्षा मोठा होता. कारणाशिवाय पक्ष नाही. एखाद्या जमातीला इकडून तिकडे जायचं असेल तर तिच्या खेळाडूनं पानभर कारण लिहून द्यायचं. ते पान सगळ्यांनी वाचायचं. मग ज्या पक्षाला सोडलं त्याच्या सरदारानं खाली एकच शब्द लिहायचा, मंजूर किंवा नामंजूर. मंजूर झालं तर जमात मानानं जाणार, उद्या रणात समोर आली तरी बोलणं-चालणं राहणार. नामंजूर झालं तर ते शपथमोडे. मग खेळ संपेपर्यंत त्या पक्षातल्या कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही, निरोप धाडायचा नाही, मेले तरी विचारायचं नाही. होरेस म्हणायचा, "हिल्डे, बायको नवऱ्याला सोडून जाते तेव्हासुद्धा एवढं नीट लिहून देत नाही." मी म्हणायचे, "कागद आण, आत्ता लिहून देते."

खणके नेव्हिलचे होते. दुसऱ्या कुणाचे असणार? खाणीत तो पंपावर होता. बाकीचे कोळसा तोडायचे, हा खाली पाणी उपसत बसायचा. लग्न केलं नाही, दारू नाही, मारामारी नाही. तुम्ही काही विचारलंत तर उत्तर यायला इतका वेळ की तोवर तुमचा चहा पिऊन व्हायचा. पण हात काय होता त्याचा! तीन केसांच्या कुंचल्यानं खणक्यांच्या दाढ्या रंगवायचा, एकेक केस वेगळा.

डोंगरी जुटीचा सरदार होता त्याचा धाकटा भाऊ क्लाइव्ह. नेव्हिलहून सहा वर्षांनी लहान आणि सहा पटींनी बडबड्या. युनियनच्या समितीवर होता, सभेत उभा राहिला की मागच्या बाकावरचेही जागे व्हायचे. मुकुटानं खणक्यांचा डोंगर बळकावलेला, असं होरेसनं पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. तेव्हा खणके जुटीत असणार हे उघडच होतं. दोघे भाऊ टेबलाच्या एकाच बाजूला खांद्याला खांदा लावून बसायचे, आणि क्लाइव्ह दोघांचंही बोलायचा.

त्यांचा बाप हर्बर्ट सत्तावन साली खाणीत आग लागली तेव्हा गेला. नेव्हिल सोळाचा होता, नुकताच खाणीत लागलेला. क्लाइव्ह दहाचा. प्रेत दाखवण्यासारखं नाही म्हणून पेटी बंदच ठेवली होती. टेकडीवरच्या दफनभूमीत पुरलं, दगड उभा केला. त्यांची आई ॲग्नेस दर रविवारी चर्चनंतर क्लाइव्हला घेऊन तिथं फुलं ठेवायची. ती राहायची क्लाइव्हकडेच. नेव्हिल रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोरच्या घरात.

ब्याऐंशी साली होरेस गेला. शेवटी शेवटी श्वास घेताना त्याच्या छातीचा आवाज जिन्याखाली ऐकू यायचा. त्याच्यामागे खेळाचा पंच कोण व्हायचं यावरून बाप्यांची जुंपली, तेव्हा मी म्हटलं, "गप्प बसा सगळे. नियम मला पाठ आहेत आणि मला टाइप करता येतं." झाले मी पंच.

मग संप आला. मार्चमध्ये सुरू झाला तेव्हा गाव एक होतं. सभागृहात आम्ही बायकांनी स्वयंपाकघर उघडलं. बटाटे, कोबी, कधी कुणी दिलंच तर मटणाचा तुकडा. दिवसाला दीडशे पानं उठायची. हात सोलून निघाले माझे, पण मला त्या दिवसांचा अभिमान आहे. उन्हाळ्यात काही जण कामावर जायला लागले, आणि गाव फाटलं. एका रविवारी खेळाच्या टेबलावर कुणीतरी त्यावरून बोललं आणि खुर्ची फेकली गेली. त्या दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, यापुढे खेळ कागदावर. प्रत्येकानं आपले हुकूम लिहून माझ्या दारात टाकायचे, मी टाइप करून सगळ्यांच्या दारात टाकणार. दुसरी, खाणीचं बोलणं खेळात आणायचं नाही. आणलं तर मी कापणार.

आता पंपाचं ऐका, कारण सगळं तिथंच आहे. पाण्याला संप कळत नाही. पंप थांबले तर खाण बुडणार आणि संप जिंकला तरी परत जायला जागा उरणार नाही. म्हणून युनियननंच पंपवाल्यांना पास दिले होते. नेव्हिल पास दाखवून जायचा, पंप चालवायचा, परत यायचा. कुणाची हरकत नव्हती. नोव्हेंबरात साहेब लोकांनी जाळी लावलेल्या बसमधून माणसं आत न्यायला सुरुवात केली. समितीचं डोकं फिरलं. मत घेतलं आणि सगळे पास काढून घेतले. बुडू दे म्हणाले, बघू साहेब किती दिवस तग धरतो ते.

नेव्हिल आठ दिवस घरात बसला. नवव्या दिवशी सकाळी त्या जाळीच्या बसमध्ये चढला.

क्लाइव्ह खाणीच्या फाटकावर, बस अडवणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होता. बस त्याला घासून आत गेली, त्याला जाळीतून भाऊ दिसला. बाकीचे शिव्या देत होते, थुंकत होते. क्लाइव्ह मागं वळला. घरी गेला, नेव्हिलचे गळ, कोट, लहानपणीचा फुटबॉल, जे काही त्याच्याकडे होतं ते सगळं गोळा करून नेव्हिलच्या दारासमोर फुटपाथवर ठेवून आला. तेव्हापासून एक शब्द नाही.

गावाला कळेना. घरात उपाशी पोरं नाहीत, हप्ते नाहीत, दारू नाही, मग गेला कशाला? सगळे म्हणाले, लोभ. मीही म्हटलं. माझ्या स्वयंपाकघरात रोज जेवायचा तो! आदल्याच आठवड्यात मी त्याला दुसऱ्यांदा बटाटे वाढले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दारात त्याचा कागद पडला. खणके डोंगरी जूट सोडून लोखंडी मुकुटाकडे जात आहेत, आणि हे त्यांचं कारण. बारीक, सरळ अक्षर, कुठं खाडाखोड नाही. मी उभ्यानंच वाचलं. अजून पाठ आहे मला.

'मुकुट चोर आहे हे खणके जाणतात. त्यांचा डोंगर त्यानंच चोरला. पण डोंगराच्या पोटातलं पाणी उचलणारी चाकं आज मुकुटाच्या हातात आहेत, आणि जुटीनं ती चाकं थांबवायचं ठरवलं आहे. खणके मुकुटासाठी जात नाहीत, चाकांसाठी जात आहेत. युद्ध संपेल त्या दिवशी ते मुकुटाचं काही घेऊन येणार नाहीत.'

इथवर ठीक होतं. त्याच्या खाली आणखी एक परिच्छेद होता.

'तिसऱ्या दरवाज्याच्या मागे, भिंतीआड, खणक्यांचा जुना राजा बसलेला आहे. आग लागली तेव्हा ती कोंडायला ही भिंत खणक्यांनीच बांधली. ज्यानं वाळूची पोती उचलून दिली त्याला आत कोण राहिलं आहे हे वर आल्यावर कळलं. टेकडीवरच्या थडग्यात वाळू आहे. राजाची राणी आणि धाकटा मुलगा तिथं फुलं वाहतात. त्यांना हे सांगायची खणक्यांची हिंमत नाही. पण राजाला पाण्यात बुडू द्यायचीही हिंमत नाही. जुटीच्या सरदारानं हे वाचावं आणि मग काय ते लिहावं.'

मी वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दरवाजे, भिंत, आग, पंप, ही सरळसरळ खाण होती. मला वाटलं, बघा, संप फोडला तो फोडला आणि वर शिशाच्या बाहुल्यांच्या आडून रडगाणं गातोय. मेलेल्या बापाची आग मधे घालून भावाला पाघळवायला बघतोय. थडग्यात वाळू म्हणे! कल्पनाच ती, खेळातली. मी लाल पेन्सिल घेतली आणि तो परिच्छेद वरपासून खालपर्यंत कापला. वरचं तेवढं टाइप केलं. नियम होताच ना माझा. पण खरं सांगते, नियम नसता तरी कापला असता. मला त्याला दुखवायचं होतं.

टाइप केलेलं पान नेव्हिल सोडून सगळ्यांच्या दारात गेलं; ज्यानं लिहिलं त्याला प्रत कशाला. दुसऱ्या दिवशी वेगळ्या चिठ्ठीवर क्लाइव्हचं उत्तर आलं. नामंजूर. पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. ते मी नेव्हिलच्या दारात टाकलं. मूळ कागद होरेसच्या नियमांबरोबर बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिला.

आता नेव्हिलच्या बाजूनं बघा. त्याला वाटणार, क्लाइव्हनं सगळं वाचलं. बाप भिंतीआड आहे, पेटीत वाळू आहे, पोती कुणी उचलली, सगळं. आणि सगळं वाचून, समजून, भावानं लिहिलं नामंजूर.

मार्चमध्ये आम्ही संप हरलो. सगळे बँड लावून कामावर परतले, नेव्हिलही पंपावरच राहिला. खाली कुणी त्याच्याशेजारी बसून भाकर खाल्ली नाही. दुकानात तो शिरला की लोक वळून डब्यांवरची अक्षरं वाचायला लागायचे. खेळ केव्हाच बंद पडला होता. सैनिक मी एका खोक्यात भरून माळ्यावर टाकले.

अठ्ठ्याऐंशी साली ॲग्नेस गेली. तिला नवऱ्याशेजारी पुरलं. सगळं गाव टेकडीवर, आणि नेव्हिल दफनभूमीच्या भिंतीबाहेर, रस्त्यावर. मला राहवलं नाही. परतताना मी त्याच्याजवळ थांबले. म्हटलं, "आईला मूठभर माती घालायचीही लाज वाटली का रे?"

त्यानं टोपी काढली. मग म्हणाला, "तुम्ही तरी असं म्हणू नका, मीकिनबाई. तुम्ही टाइप केलंय ना ते. वाळूच्या शेजारी तिला ठेवताना बघवलं नसतं मला."

मी घरी गेले. हॅटसुद्धा न काढता डबा उघडला आणि लाल रेघांखालचं परत वाचलं. मग खाली बसले ती दिवस मावळेपर्यंत उठले नाही. कल्पना नव्हती ती. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

तेव्हाच जायला हवं होतं. दोन घरं, मधे एक रस्ता, हातात एक कागद. किती कठीण होतं? पण मी गेले नाही. उद्या जाईन म्हटलं. मग म्हटलं, आता काय उपयोग. खरं कारण असं की क्लाइव्हसमोर उभं राहून 'मी कापलं' म्हणायची माझी छाती नव्हती. मी भित्री आहे. तोंडाळ माणसं बहुधा असतातच.

ब्याण्णव साली खाण कायमची बंद झाली आणि पंप थांबवले. त्या दिवशी नेव्हिल फाटकासमोर टोपी काढून तासभर उभा होता. पोरं हसत होती. त्याला आठ वर्षं बाप कोरडा ठेवता आला. पाणी शेवटी आलंच.

दोन हजार तीनच्या वसंतात कळलं की नेव्हिल आता उठत नाही. होरेसचाच रोग. नर्स सकाळी यायची, बाकी दिवसभर कुणी नाही. मी सूप घेऊन गेले. रस्त्यातल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. मी म्हटलं, बघा काय बघायचंय ते, एकाहत्तरीची झाले मी, आता कुणाला भ्यायचं.

पलंग त्यानं खालच्या खोलीत आणवला होता. पुढे खिडकी, खिडकीतून समोर क्लाइव्हचं घर. सूप दोन चमचे घेतलं आणि म्हणाला, "मीठ विसरलात."

"विसरले नाही. डॉक्टरनं नको सांगितलंय."

"आता मिठानं मरणार आहे का मी?"

मी हसले आणि मग रडायलाच लागले. पिशवीतून तो कागद काढला, त्याच्या हातात दिला, आणि सांगून टाकलं. सगळं, लाल पेन्सिलीसकट. तो ओरडेल, कागद तोंडावर फेकेल, असं मला वाटलं होतं. ते मला परवडलं असतं.

त्यानं लाल रेघांवरून बोट फिरवलं. "म्हणजे हे गेलंच नाही?"

"नाही."

"क्लाइव्हनं हे वाचलंच नाही?"

"नाही रे."

आणि तो हसला. एकोणीस वर्षांत त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं. खोकला येईतो हसला. "अहो, मग त्याला माहीतच नव्हतं! मी समजत होतो, सगळं वाचून त्यानं... अहो बाई, त्याला माहीतच नव्हतं!"

"मला शिव्या दे रे आधी," मी म्हटलं.

"देतो, देतो, नंतर देतो. आधी हे त्याला नेऊन द्या. आत्ता. मी इथंच आहे म्हणावं." मग कागद माझ्या हातात देत, "आईला आता काही कळायचं नाही. त्याला कळलं तर चालेल."

मी रस्ता ओलांडला आणि गल्लीतून मागच्या दाराशी गेले; आमच्याकडे पुढचं दार लग्नाला नि मयतालाच. क्लाइव्हनं दार उघडलं. मला पटकन आत घेऊन त्यानं दार लावलं. बायको वारल्यापासून तो एकटाच होता. भिंतीवर संपातले फोटो, त्यात मीसुद्धा, वाढायचा मोठा डाव हातात घेऊन. मी उभ्यानं सांगितलं आणि कागद टेबलावर ठेवला. तो चष्मा लावून बसला. सावकाश वाचलं. दोनदा.

"हे तुम्ही कापलंत?"

"हो."

"बरं केलंत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "बरं केलं? क्लाइव्ह, अरे तुझा बाप तिथं..."

"माहीत आहे मला." चष्मा काढून त्यानं टेबलावर ठेवला. "सोळाव्या वर्षी पहिल्यांदा खाणीत जायला निघालो तेव्हा आईनं सांगितलं. तिला कधीच कळलं होतं. पेटी उचलणाऱ्या चौघांना ती लहानपणापासून ओळखत होती, त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही तेव्हाच कळलं. म्हणाली, तुझा बाप तिसऱ्या दरवाज्यामागे आहे, जाता-येता टोपी काढत जा. आणि नेव्हिलला बोलू नकोस. त्यानं पोती उचलली आहेत. आपल्याला माहीत नाही असं त्याला वाटतंय, तेवढ्यावर तो जगतोय."

"मग तू आणि आई फुलं..."

"फुलं नेव्हिलसाठी होती. आम्ही नेली नसती तर त्याला संशय आला असता."

 त्यानं मला पाणी दिलं, इतका तो शांत होता.

"मग क्लाइव्ह, तुला तर सगळंच माहीत होतं. तो का गेला तेही."

"बसच्या जाळीतून त्याचं तोंड बघितलं तेव्हाच कळलं."

"आणि तरी नामंजूर?"

"पास काढून घ्यायचं मत समितीत झालं ना, त्यात सगळ्यांत आधी हात मी वर केला. मीच. बाकीचे माझ्याकडे बघत होते. ऑलसपच्या पोरानं कच खाल्ली असती तर सगळ्यांनीच खाल्ली असती. बाप बुडणार हे मला माहीत होतं, मीकिनबाई. खालच्या मेलेल्यांसाठी नाही, वरच्या जिवंत माणसांसाठी लढतोय असं मी स्वतःला सांगितलं आणि हात वर केला. मग हा गेला बसमध्ये बसून बापाला वाचवायला." त्यानं कागद माझ्याकडे सरकवला. "आता याच्या खाली मी मंजूर लिहू? लिहिलं तर मग मी कोण झालो? तो बापाजवळ राहिला आणि मी बापाला सोडला, एवढंच उरतं मग. आणि संप? तो तर हरलोच."

"तो मरतोय रे."

"रोज सकाळी त्याचे पडदे उघडलेले दिसले की मगच मी चहा पितो," क्लाइव्ह म्हणाला. "मला नका सांगू."

"पाच मिनिटं ये. काही बोलू नकोस, नुसता ये."

"आणि त्यानं विचारलं, माहीत नव्हतं ना तुला, तर? खोटं बोलू? की खरं सांगून त्याला तसाच वर पाठवू?" मग त्यानं पहिल्यांदा आवाज चढवला. "जा तुम्ही. आणि यातलं एक अक्षर त्याला सांगितलंत तर बघा. मला माहीत नव्हतं, एवढंच राहू दे त्याच्यापाशी."

मी रस्ता ओलांडून परत आले.  नेव्हिल उशीला टेकून बसला होता. स्वतःच्या हातानं केस ओले करून विंचरले होते त्यानं.

"वाचलं?"

मी पिशवी खाली ठेवली. "घरी नाहीये तो. शेजारणीनं सांगितलं, मुलीकडे गेलाय डर्बीला. गुरुवारी येतो म्हणे."

"गुरुवारी." त्यानं मान हलवली. "मग मीही गुरुवारपर्यंत थांबतो."

तो सोमवार होता. मंगळवारी तो क्लाइव्हच्या लहानपणीचं बोलत होता. बुधवारी बोलता येईना, पण नजर खिडकीवर. मी पडदा अर्धा ओढून ठेवायचे, समोर क्लाइव्ह हिंडताना दिसू नये म्हणून. सांगायचे, ऊन येतंय. गुरुवारी सकाळी त्यानं दाढीवरून हात फिरवून दाखवला, म्हणून मी त्याची दाढी केली. स्वच्छ सदरा घातला. बारा वाजले, दोन वाजले. दारात पोस्टमनचा आवाज झाला तेव्हा त्यानं उठायचा प्रयत्न केला. चारच्या सुमारास तो गेला. डोळे दाराकडेच होते, मला मिटवावे लागले.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की पडदे ओढतात, आणि ते दिसलं की अख्खा रस्ता आपापले पडदे ओढतो, माती होईपर्यंत. माझ्या होरेससाठी चौकापर्यंतचे ओढले गेले होते. मी नेव्हिलचे पडदे ओढायला खिडकीशी गेले. समोर क्लाइव्ह त्याच्या खिडकीत उभा होता, सकाळपासूनच उभा असावा. मी एक पडदा ओढला. मग दुसरा, अगदी सावकाश, मधे एक फट ठेवून, आणि त्या फटीतून बघत राहिले. डाव्या घरानं नाही ओढला, उजव्या घरानं नाही ओढला, त्याचं मला काही वाटलं नाही. मी फक्त क्लाइव्हच्या हाताकडे बघत होते. तो वर आला, पडद्याला लागला, आणि तसाच खाली गेला.